डोस चुकलेली मुलं हिशेबात हवीत

दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतून माणसं वीटभट्ट्यांकडे निघतात, लेकरांसकट. मग ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजायला आशाताई आल्या, तर कितीतरी घरांना कडी असते. पुढे डोसचा गुण सांगताना डोस मिळालेल्या मुलांचीच उदाहरणं दिली जातात. मला हे घातक वाटतं.

कारण याच डोसची एक चाचणी 1980च्या दशकात इंडोनेशियातल्या आचे प्रांतात झाली. कोणत्या गावांना डोस द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरलं. डोसच्या गावांत 12,094 मुलं होती. त्यातल्या 2,419 मुलांपर्यंत डोस पोहोचलाच नाही. डोस मिळालेल्यांत हजारी 1.2 मुलं दगावली, बिनडोस गावांत 6.4. फरक 81 टक्क्यांचा! पण डोस चुकलेल्या मुलांत हे प्रमाण हजारी 14 निघालं. डोस तर बिनडोस गावांतही कुणाला नव्हता. मग दुपटीहून जास्त मृत्यू कशाने? ही मुलं मुळातच अधिक धोक्यात होती. त्यांना वगळलं की औषधाला फुकटचं श्रेय मिळतं.

म्हणून पहिला नियम असा: चिठ्ठीने ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला त्याच गटात मोजायचं, औषध घेवो न घेवो. तसं मोजलं की 3.8 विरुद्ध 6.4, म्हणजे घट 41 टक्के. योजनेचा खरा पदरी पडणारा लाभ तो हाच.

पण डोस पोटात गेला तर किती गुण येतो, हा आईचा प्रश्नही रास्त आहे. संशोधक आल्फ्रेड सॉमर आणि स्कॉट झेगर यांनी 1991 मध्ये त्याचं उत्तर काढलं. वाटणी यदृच्छेने झाल्यामुळे बिनडोस गावांतही पाचातलं एक मूल डोस चुकणाऱ्यांपैकीच असणार. हजारी 14च्या दराने त्यांचे मृत्यू बाजूला काढले की उरलेल्यांत हजारी सुमारे 4.5 राहतात. त्यांच्याशी 1.2 ताडून पाहिले की घट 72 टक्के येते. यात एकच गोष्ट गृहीत आहे: डोस न घेतलेल्या मुलाला नुसतं डोसच्या गावात असल्याने फरक पडत नाही. मला ती इथे पटते.

आपल्याकडे उस्मानाबादेत 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अशीच गावोगाव विभागून झाली. एचपीव्ही विषाणूच्या चाचणीच्या गटात 34,126 बायका होत्या. पाचातली साधारण एक आलीच नाही, तरी तीही त्याच गटात मोजली गेली. 2009 मध्ये निष्कर्ष आले: त्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणीची मोहीम नसलेल्या 31,488 जणींत 64. न आलेल्यांचं ओझं वाहूनही मृत्यू जवळपास निम्मे झाले, म्हणून तो निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

शहापूर-मुरबाडमध्ये आता निदान एवढं व्हावं: दर वाडीच्या यादीत चुकलेल्या मुलाचं नाव, कुटुंब कोणत्या भट्टीवर गेलं ते आणि परतण्याचा महिना यांचे रकाने असावेत, आणि भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथल्या आरोग्य केंद्राकडे ती यादी डोसच्या आधी पोहोचावी.