राजालाही न उघडता येणारी वही

चीन आणि कोरियाच्या राजेशाहीबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरून गेले आहे. तिकडे राजाची लहर हाच कायदा आणि मान तुकवणे एवढेच प्रजेचे काम. हे वाक्य आपले नाही, उसने आहे. मॉन्टेस्क्यूने १७४८ मध्ये चीन हे भीतीच्या बळावर चालणारे राज्य ठरवले. पूर्वेकडे फक्त एकच माणूस स्वतंत्र असतो, असे हेगेलने शिकवले. १९५७ मध्ये कार्ल विटफोगेलने ‘ओरिएंटल डेस्पॉटिझम’ या ग्रंथात त्याला पाटबंधाऱ्यांची जोड दिली. मोठ्या नद्या आवरायच्या तर मोठी नोकरशाही लागते, आणि ती आली की सर्वंकष सत्ता आलीच, असा त्याचा हिशेब. या तिघांनीही हिंदुस्थानला त्याच रांगेत उभे केले होते. स्वतःबद्दलचा तो निकाल आपण कधीच अमान्य केला, शेजाऱ्यांबद्दलचा मात्र बिनतक्रार पदरात घेतला.

हा निकाल चुकीचा आहे असे मला म्हणायचे आहे. पण प्रतिपक्षाची बाजू आधी तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे, आणि ती दुबळी नाही.

मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याने १३८० मध्ये मुख्य प्रधानाचे पदच रद्द केले आणि त्या निमित्ताने सुरू झालेल्या चौकशांत हजारो माणसे मारली. त्याचा मुलगा योंगल याने १४०२ मध्ये पुतण्याचे सिंहासन बळकावले. राज्यारोहणाचे घोषणापत्र लिहायला नकार दिला म्हणून फांग श्याओरू या विद्वानाला त्याने ठार केले, त्याचे नातेवाईक आणि शिष्यही सोडले नाहीत. मिंग दरबारात अधिकाऱ्यांना सर्वांदेखत काठ्यांनी झोडपण्याची शिक्षा होती. १५२४ मध्ये च्याचिंग बादशहाने आपल्या जन्मदात्या वडिलांना द्यायच्या मानावरून शंभरावर अधिकारी कैद केले आणि फटक्यांनी त्यांतले डझनाहून अधिक मेले. मिंगनंतरच्या छिंग काळात, १७१३ साली, ताय मिंगश्री या लेखकाचा शिरच्छेद झाला. गादीवरून गेलेल्या मिंग वंशाची कालगणना वापरल्याचा ठपका त्याच्यावर होता. इतका पुरावा समोर असताना ही राजवट मऊ होती असे म्हणणाऱ्याला इतिहास कळत नाही.

परंतु राजा क्रूर होता की नव्हता, हा प्रश्नच नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडचा आठवा हेन्रीही क्रूर होता, म्हणून कोणी ‘पाश्चात्त्य हुकूमशाही’चा सिद्धांत रचला नाही. प्रश्न असा आहे की राजाच्या इच्छेला अडवणारी यंत्रणा त्या राज्यरचनेत होती काय? होती. आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते ती कोरियात, १३९२ पासून पाच शतके चाललेल्या जोसन राज्यात.

जोसन दरबारात राजा बोलला की इतिहासलेखक टिपून घेत. त्यांच्या खासगी टिपणांना हात लावण्याची राजालाही मुभा नव्हती. राजा वारल्यावर ती टिपणे आणि दरबारी कागद एकत्र करून त्याच्या कारकिर्दीचा इतिहास सिद्ध होई. मग मूळ टिपणे पाण्यात धुऊन शाई घालवत, म्हणजे कोणी काय लिहिले याचा माग राहत नसे. १४०४ मध्ये राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. उठताच त्याने बजावले, की ही गोष्ट इतिहासलेखकाला कळू देऊ नका. आज आपल्याला हे ठाऊक आहे, कारण तो पडला हेही लिहिले गेले आणि त्याने लपवायला सांगितले हेही. याच थेजोंगने मिन इन-सेंग नावाच्या इतिहासलेखकाला पडद्याआडून ऐकल्याबद्दल हद्दपार केले होते. माणूस हद्दपार झाला, पद मात्र जागेवर राहिले.

त्याचा मुलगा सेजोंग हा कोरियाचा सर्वांत थोर राजा मानला जातो. १४३१ मध्ये त्याला आपल्या वडिलांचा इतिहास वाचावासा वाटला. मंत्री मेंग सा-सोंग याने हरकत घेतली. आज आपण वाचलात तर पुढचे राजेही वाचतील आणि लिहिणाऱ्याचा हात कापेल, असा त्याचा मुद्दा होता. सेजोंगने हट्ट सोडला. त्याच्याही सुमारे आठशे वर्षे आधी चीनमध्ये थांग घराण्याच्या थायचोंगने हाच हट्ट धरला होता. भावांना मारून तो गादीवर आला होता आणि पुढची पिढी आपल्याबद्दल काय वाचणार याची त्याला काळजी होती. बादशहाची दिनचर्या टिपणाऱ्या छू स्वेलियांगने ती वही दाखवायला नकार दिला, पण प्रधान फांग श्वानलिंगने तयार इतिहास समोर ठेवला आणि बादशहाने भावांच्या हत्येचा भाग कसा लिहावा ते सांगितले. चीनमध्ये मोडलेला नियम कोरियाने अधिक कडक करून पाळला. चीन आणि कोरियाला एका साच्यातले समजणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही.

वहीखेरीज दुसरा लगाम होता खात्यांचा. अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे साहॉनबू, राजाला दोष दाखवणारे सागानवोन आणि राजाचे सल्लागार-ग्रंथपाल असलेले होंगमुनग्वान ही तीन कार्यालये होती. राजाला त्याची चूक सांगणे हे त्यांचे पगारी काम होते. कनिष्ठ पदांवरच्या नेमणुकांना पहिल्या दोन कार्यालयांची सही लागे. राजाने माणूस निवडला तरी ते त्याच्या घराण्याची आणि वर्तनाची चौकशी करून सही अडवू शकत. शिवाय राजाला ग्रंथांचे पाठ घ्यावे लागत, आणि पाठाच्या निमित्ताने कारभारावर ऐकूनही घ्यावे लागे. राजा सोंगजोंग दिवसातून तीनदा या पाठांना बसत असे.

यावर प्रतिपक्ष यॉनसानगुनचे नाव घेईल. घ्यावेच. या राजाने १४९८ मध्ये किम इल-सोन या इतिहासलेखकाच्या टिपणांतला मजकूर बाहेर काढला, त्यात आपल्या पणजोबांवर टीका आहे असे ठरवून त्याला ठार केले आणि त्याचा गुरू आधीच मेला होता तर त्याचे प्रेत उकरून शिरच्छेद केला. सागानवोन आणि होंगमुनग्वान त्याने बंदच केली. लगाम तुटू शकतो याचा हा पुरावा आहे, मान्य. पण पुढे काय झाले? १५०६ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला पदच्युत केले, बंद कार्यालये पुन्हा उघडली, आणि राजाला मरणोत्तर मिळणारे मानाचे नाव त्याला कधीच दिले नाही. त्याच्या कारकिर्दीच्या बखरीला ‘इतिहास’ न म्हणता नुसती ‘दिनवही’ म्हटले गेले. जिथे इच्छा हाच कायदा असतो, तिथे कायदा मोडल्याबद्दल राजाला शिक्षा होत नाही.

मिंग चीनमध्ये अशी शिक्षा नव्हती, पण अडवणूक होती. १५६६ मध्ये हाय रुई या मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने च्याचिंग बादशहाला त्याच्या अमरत्वाच्या नादाबद्दल आणि कारभाराकडे फिरवलेल्या पाठीबद्दल खरमरीत अर्ज लिहिला. त्याने स्वतःसाठी शवपेटी आधीच घेऊन ठेवली होती, असे सांगतात. त्याला तुरुंगात टाकले, पण बादशहाने फाशीचा अंमल केला नाही आणि बादशहा मेल्यावर तो सुटला. वान्ली बादशहाला आवडत्या राणीचा मुलगा वारस करायचा होता. पंधरा वर्षे अधिकारी अडून बसले आणि १६०१ मध्ये थोरला मुलगाच युवराज झाला. स्वतःच्या घरातला निर्णयही ज्याला घेता आला नाही, त्याला सर्वसत्ताधीश कसे म्हणायचे? हाय रुईवर वू हान या इतिहासकाराने लिहिलेल्या नाटकावर १९६५ मध्ये झालेल्या हल्ल्याने चीनच्या सांस्कृतिक क्रांतीला तोंड फुटले आणि १९६९ मध्ये वू हान कैदेत मेला. मिंग बादशहाला दोष देणारा जगला आणि त्याच्यावर नाटक लिहिणारा विसाव्या शतकात मेला, हा पेच जुन्या राजवटीला ‘पूर्वेचा स्वभाव’ म्हणणाऱ्यांनी सोडवून दाखवावा.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. त्यांचे म्हणणे असे, की हे गुणवंतांचे राज्य होते, परीक्षा देऊन कोणीही वर चढे, म्हणून लोकशाहीची गरजच नव्हती. परीक्षेचे कौतुक रास्त आहे. चीनमध्ये सोंग काळात उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकत आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून ती नव्याने उतरवून काढत. १८५५ मध्ये हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हाच्या वादात चीनचा दाखला दिला जात होता. आज पुण्याच्या पेठांत अभ्यासिकेत बसलेल्या मुलांच्या नशिबाशी त्या परंपरेचा दूरचा धागा आहे.

पण परीक्षेच्या दारात कोण उभे राहू शकत होते? स्त्री नाही. जोसनमध्ये उपपत्नीचा मुलगाही नाही, मग बाप कितीही मोठा अधिकारी असो. आणि गुलाम तर नाहीच. कोरियात गुलामगिरी जन्माने चालत येई आणि काही काळात लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा गुलाम असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८०१ मध्ये सहासष्ट हजारांवर सरकारी गुलामांच्या नोंदी जाळून त्यांना मुक्त केले. संपूर्ण प्रथा कायद्याने गेली ती १८९४ मध्ये. राजाला तोंडावर सुनावणारे विद्वान याच गुलामांच्या कष्टावर जगणाऱ्या यांगबान या खानदानी वर्गातून आले होते.

सेजोंगच्याच कारकिर्दीत हा दुभंग डोळ्यांत भरतो. १४३० मध्ये जमीनमहसुलाच्या नव्या पद्धतीवर त्याने अधिकाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत १,७२,८०६ जणांचे मत घेतले. ९८,६५७ जणांनी पाठिंबा दिला, ७४,१४९ जणांनी विरोध केला. बहुमत मिळूनही त्याने घाई केली नाही, सुधारलेली पद्धत १४४४ मध्ये आली. सरकारी गुलाम बाईला बाळंतपणानंतर शंभर दिवसांची सुट्टी त्याने दिली, पुढे तिच्या नवऱ्यालाही तीस दिवस दिले. आणि याच राजाच्या काळात, १४२० मध्ये, रयतेने आपल्या जिल्हाधिकाऱ्यावर फिर्याद करू नये असा कायदा झाला. जो वर्ग राजाला जाब विचारणे हे आपले कर्तव्य मानत होता, त्याने आपल्याला कोणी जाब विचारू नये याचा बंदोबस्त करून घेतला.

म्हणून माझा निष्कर्ष दोन्ही पक्षांना रुचणारा नाही. ही राज्ये बेलगाम नव्हती. लगाम मात्र एका वर्गाच्या मुठीत होता. त्यांनी उभारलेली सर्वांत मोलाची गोष्ट परीक्षा नव्हे आणि सदाचारी राजाचा आदर्शही नव्हे. ती म्हणजे सत्ताधाऱ्याच्या हाताबाहेर ठेवलेली नोंद. १५९२ च्या जपानी स्वारीत जोसन इतिहासाच्या चार संचांपैकी तीन जळाले. जोन्जू शहरातला संच आन उई आणि सोन होंग-रोक या दोघांनी नेजांग डोंगरात हलवला म्हणून वाचला. त्यानंतर राज्याने नव्या प्रती काढून दूरदूरच्या डोंगरांत ठेवल्या. १३९२ पासून १८६३ पर्यंतच्या चारशे बाहत्तर वर्षांची ती नोंद १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक दस्तऐवज वारशात आहे.

कोणत्याही काळातली, कोणत्याही देशातली सत्ता तपासताना दोन प्रश्न विचारावेत. तिच्या कारभाराची नोंद तिच्या स्वतःच्या हातात आहे काय? आणि सर्वांत खालच्या माणसाला तिच्याविरुद्ध दाद मागता येते काय? पहिल्या प्रश्नावर जोसनने आजच्या कित्येक सरकारांना खाली मान घालायला लावले असते. दुसऱ्यावर ते नापास झाले, आणि पहिल्यातले यश त्या अपयशाची भरपाई करत नाही.