शास्ती कुणाला, सुटका कुणाची?

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत. हल्ली बांधण्याचे काम बिल्डर करतो. आपल्या वाट्याला उरते ते नुसते ‘पाहणे’, आणि तेही आपण धड करीत नाही. फरशी पाहतो, नळ सोडून पाहतो, स्टेशन किती लांब ते पाहतो. पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागायला मात्र संकोचतो.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये १९८०च्या दशकात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी पाच मजल्यांची. एक इमारत तर वीस मजल्यांवर गेली. सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरविले, ते २०१३ साली. जून २०१४ मध्ये पालिकेची माणसे वीज, पाणी आणि गॅस तोडायला दारात आली. जिथे मुले लहानाची मोठी झाली, ते घर कागदावर कधी नव्हतेच! हे मजले एका रात्रीत चढले नव्हते. बांधकाम चालू असताना पालिकेचे डोळे कुठे होते?

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. १९६६च्या नगररचना कायद्यात नोटीस आहे, पाडकाम आहे, तुरुंगवासही आहे. महापालिका कायद्यात अवैध बांधकामावर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती आहे. ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. पण ही शास्ती भरतो कोण? घरात राहणारा. बिल्डर तोवर पुढच्या प्लॉटवर पोचलेला असतो. मग थकबाकी साचते, मोर्चे निघतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली निवासी बांधकामांची शास्ती सरकारने माफच केली. त्याआधी २०१७ मध्ये, २०१५ अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट राज्याने खुली केली होती. गरजूंना दिलासा मिळाला, हे खरेच. पण ज्याने नियम पाळून एक मजला कमी बांधला, त्याने यातून काय शिकावे?

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला विनापरवाना इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांची शास्ती कोणत्या कलमाखाली मोजायची?

म्हणून दंड जोत्यापाशीच व्हायला हवा, छपरापाशी नव्हे. पाया खणतानाच काम थांबविले, तर कुणाचा संसार रस्त्यावर येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच बँकांनी कर्ज द्यावे आणि वीज-पाण्याची जोडणी व्हावी. चुकार अधिकाऱ्यांवरही कारवाई व्हावी. हे अमलात आले, तर निम्मी लढाई जिंकली.

उरलेली निम्मी आपली. गच्चीवर पत्रे ठोकताना, बाल्कनी खोलीत घेताना, ‘सगळेच करतात’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! बिल्डरही तेच म्हणतो. फक्त त्याची बाल्कनी पंधरा मजल्यांची असते.