बटण कुणाचे?

भिंतीवरचे विजेचे बटण मोठे सरळमार्गी असते. दाबले की दिवा लागतो. नाही लागला तर दिवा गेला, तार तुटली किंवा वीजच नाही; चौथे कारण सहसा निघत नाही. लॅपटॉपवर छोट्या मनोऱ्यातून लहरी निघाल्याचे चित्र असलेले एक बटण असते, ते वायफायचे. तेही याच कुळातले, असे आपण धरून चालतो. पण त्याचे कूळ निराळे आहे, आणि ते वेळेवर कळल्यामुळे आमच्या घरात एका नव्या लॅपटॉपची किंमत वाचली.

माझी भाची चिपळूणची. पॉलिटेक्निकसाठी ती पुण्याला आमच्याकडे राहते. तिच्या वाट्याला माझा जुना लॅपटॉप आला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढची आवृत्ती पेलण्याइतके हे यंत्र तरुण नाही. म्हणून तिने त्यावर लिनक्स बसवले. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि पुढे देशोदेशींच्या लोकांनी तो वाढवला. त्याला पैसे पडत नाहीत, हे तर आहेच. पण त्याचा आतला मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो, हे मला जास्त मोलाचे वाटते.

सगळे चालले, वायफाय मात्र चालेना. बटणाचा दिवा लागेना, बटण दाबून बोट दुखायची वेळ आली. दुकानदाराने यंत्र उलटेसुलटे करून निकाल दिला, "कार्ड गेलंय, साहेब. आणि या फुकटच्या सिस्टिममध्ये असंच व्हायचं. नवा घेऊन टाका." भाचीचे वडील एस.टी.तून निवृत्त झालेले. नव्या लॅपटॉपचे नाव तिने चिपळूणला काढलेच नाही. कॉलेजात द्यायचे काम ती रात्री बारा-बारापर्यंत फोनच्या चार बोटे पडद्यावर लिहीत बसे. सौ. तिच्यासाठी दूध झाकून ठेवी, ते सकाळी तसेच सापडे.

आता त्या बटणाचे कूळ सांगतो. ते आणि वायफायचे कार्ड यांच्यामध्ये पुष्कळदा तारच नसते. जुन्या वाड्यात दिंडीवरची दोरी ओढली की माजघरात घंटा वाजे, तसे हे आहे. दार उघडायचे ते आतल्या गड्याने. बटण दाबले की आत फक्त एक क्रमांक जातो. त्याचा अर्थ लावणारा कुणीतरी आत असावा लागतो. विंडोजवर तो गडी यंत्राच्या कारखानदारानेच दिलेला असतो. इथे गडी नवा होता, आणि ही घंटा कशाची हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

एका रविवारी भाचीने काळ्या पडद्यावर 'आरएफकिल लिस्ट' अशी आज्ञा लिहिली. उत्तरात दोन कुलपे दिसली. एक हार्ड, म्हणजे यंत्राच्या अंगचे. दुसरे सॉफ्ट, म्हणजे केवळ आज्ञेने लागणारे. (काही लॅपटॉपांच्या कडेला सरकती कळ असते. ती बंद असेल तर हार्ड कुलूप लागते, मग कितीही आज्ञा लिहा, उपयोग नाही. तिथे नखच चालवावे लागते.) आमचे हार्ड उघडे होते, सॉफ्ट लागलेले. तिने 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' असे लिहिताच बटणाचा दिवा लागला आणि शेजाऱ्यांच्या वायफायची नावे भराभर दिसू लागली. गेलेले कार्ड परत आले!

मी तिथेच थांबलो असतो. पण हे यंत्र दर वेळी कुलूप लावूनच उठे. "रोज एक ओळ लिहायची, एवढंच ना?" मी म्हटले.

"मामा, बटण आपल्याच यंत्रावर आहे ना? मग ते चालायला नको?"

यावर मला उत्तर सुचले नाही. तिने यंत्राची रोजनिशी उघडली. लिनक्स आपल्या हालचाली टिपून ठेवते. बटण जितक्या वेळा दाबले तितक्या वेळा तिथे नोंद होती : अनोळखी कळ दाबली गेली, ओळख करून द्यायची असेल तर 'सेटकीकोड्स ई०५५' लिहून पुढे कळीचा क्रमांक द्यावा. म्हणजे गडी घंटा ऐकत होता आणि दर वेळी नम्रपणे विचारत होता, ही कुणाची म्हणून. लिनक्सच्या कोष्टकात वायफायच्या कळीचा क्रमांक २३८. तिने तो लिहिला आणि बटण दाबले. दिवा विझला. पुन्हा दाबले, लागला. सौ. स्वयंपाकघरातून विचारती झाली, "काय झालं ओरडायला?"

ही ओळख यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. ती कायमची करायला यूडेव्ह नावाच्या व्यवस्थेच्या नोंदवहीत दोन ओळी लिहाव्या लागतात : एकीत मॉडेलचे नाव, दुसरीत कळीचे. लिनक्सबरोबर अशी एक सामाईक वही येते. तीत अशाच कुणाकुणाच्या बटणांच्या शेकडो नोंदी आहेत. आमच्या मॉडेलचे नाव तीत नव्हते. भाचीने आपल्या दोन ओळी वही सांभाळणाऱ्यांकडे धाडल्या आहेत, उत्तर यायचे आहे. दूध मात्र हल्ली रात्रीच संपते.