गाईच्या कानात बिल्ला, कुत्र्याच्या अंगात चिपही नाही

गेल्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला एक तरुण आपला नऊ महिन्यांचा हस्की ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. जीभ जांभळी पडलेली, तोंडाला चिकट लाळ, मागचे पाय लटपटत होते. थर्मामीटर 107 वर गेला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं. मी आधी तो टॉवेल काढला, कारण अंगाभोवतीचा ओला टॉवेल थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता आत कोंडून धरतो. जांघेत, पोटावर, पंजांवर साधं पाणी सोडलं, पंखा लावला, सलाईन चढवलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि हवाच तापलेली असली की तेही जमत नाही. संध्याकाळी त्यानं मान उचलली तेव्हा त्या मुलाचे डोळे भरून आले. म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड आहे हो. पन्नास हजार मोजलेत."

मी खांद्यांच्या मधून स्कॅनर फिरवला. ओळख क्रमांकाची मायक्रोचिप नव्हती. सोबतच्या वंशावळीच्या झेरॉक्सवर दुसऱ्याच रंगाच्या कुत्र्याचं वर्णन होतं आणि जन्मतारीख लसीच्या पुस्तकाशी जुळत नव्हती. हे पिल्लू कुठल्या विमानातून आलं नव्हतं. इथंच कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये ते जन्मलं असणार. कुठल्या, ते मला सांगता येणार नाही, त्याच्या मालकालाही नाही आणि सरकारलाही नाही.

नवीन जालन्यात मी 22 वर्षं प्राण्यांवर उपचार करते आहे. परदेशी कुत्र्यांच्या आयातीच्या नियमांची चर्चा निघाली की मला त्या दुपारचा तो रिकामा स्कॅनर आठवतो. एप्रिल 2016 मध्ये केंद्रानं व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आणायला बंदी केली. पाळीव म्हणून स्वतःचा कुत्रा कागदपत्रांसह आणता येतो, पोलीस आणि लष्कराला कामासाठी आणता येतो, संशोधन संस्थांना आणता येतो. ही बंदी योग्यच होती. पण दारात अडवलेला व्यापार घरात वाढला. देशातच पैदास करून पिल्लावर 'इम्पोर्टेड लाइन'चा शिक्का मारायचा आणि भाव चढवायचा, हे सर्रास चालतं.

त्यासाठीही कायदा आहे. 2017 च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. चिप बसवायची. माझ्या टेबलावर मात्र पाच-पाच आठवड्यांची पिल्लं पार्व्होच्या संसर्गानं रक्ताचे जुलाब करत येतात. त्यांच्या आईचं दूध सुटायच्या आधीच त्यांचा सौदा झालेला असतो.

12 मार्च 2024 ला केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलत झालेली नाही, असं कारण दिलं. नवे नियम करताना पुन्हा जातींची यादीच केली, तर पुन्हा तेच होईल. साखळीला बांधून, उपाशी ठेवून, चिडवून वाढवलेला कुठलाही कुत्रा चावतो. ज्यानं तो विकला आणि ज्यानं तो वाढवला त्याला शोधता आलं पाहिजे. त्यासाठी जातीच्या यादीपेक्षा नोंद जास्त कामाची आहे.

नोंद कशी ठेवायची, हे आपल्याला शिकायला परदेशात जायला नको. सकाळी बदनापूर, घनसावंगीकडून माझ्याकडे गाई-म्हशी येतात. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडे. ते 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणी प्रणालीवर टाकले की मालक, गाव, लसीकरण समोर येतं. 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. दोन म्हशींवर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्यानं हा नियम पाळला. मग पन्नास हजारांची पिल्लं विकणाऱ्याला मोकळीक कशासाठी?

आपल्याकडची मुलं अमेरिकेत जाताना घरचा कुत्रा नेतात तेव्हा मीच त्यांची कागदपत्रं करून देते. ऑगस्ट 2024 पासून तिथे सहा महिन्यांहून लहान कुत्रा चालत नाही, चिप लागते आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत असल्यामुळे रक्ताची तपासणी दाखवावी लागते, नाहीतर 28 दिवस विलगीकरण. प्रत्येक कागदावर चिपचा तोच 15 आकडी क्रमांक. आपल्या माणसांना ते करता येतं, कारण तिथे त्याशिवाय दार उघडत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. आयात झालेल्या आणि इथं जन्मलेल्या प्रत्येक विकाऊ कुत्र्याचा क्रमांक एकाच नोंदवहीत यावा, आणि ती कुठल्याही पशुवैद्यकाला उघडता यावी. क्रमांकाशिवाय विक्री हा गुन्हा ठरावा. थंड मुलखातल्या जातीचं पिल्लू देताना, चाळिशीपार उन्हाळ्यात त्याला काय लागेल हे विक्रेत्यानं लिहून द्यावं. आणि जालना महापालिकेनं पाळीव कुत्र्यांची नोंद याच क्रमांकावर करावी.

परदेशी कुत्र्यांवर माझा राग नाही. शेजारच्या बीडमध्ये 2020 साली पोलिसांनी आपल्या रॉकी या श्वानाला सन्मानानं निरोप दिला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्यानं मदत केली होती. त्याच्यामागे शिकवणारा हात होता, रोजचं काम होतं, सेवेची नोंद होती. त्या हस्कीच्या मागे यातलं काहीच नव्हतं. तो बरा होऊन घरी गेला, पण त्याच्या केसपेपरवर 'जन्म कुठे' या रकान्यात मला आडवी रेघ मारावी लागली. नियम करणाऱ्यांनी या एका रकान्याचं उत्तर मिळेल असा नियम करावा.