खिडकी कोणाला?

आमच्या घरातील तेरा माणसांत बँकेत नोकरी केलेला मी एकटाच. त्यामुळे लग्न असो, वास्तुशांती असो वा सहल असो, जेथे यादी करावयाची आणि रक्कम मांडावयाची वेळ येते, तेथे कागद आपोआप माझ्यापुढे सरकतो. मागील वर्षी दिवाळीनंतर मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने जाऊन यावे असे ठरले, तेव्हाही तसेच झाले. थोरले बंधू आण्णा म्हणाले, "खोल्या कोणाला कोणत्या, ते तूच ठरव." कर्जाचे प्रस्ताव मंजूर करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटले. ते क्षुल्लक नव्हते, हे समजायला मला समुद्रावर जावे लागले.

आपल्या समाजात अलीकडे जहाजाच्या सफरीची हौस वाढली आहे. मुंबईहून २०२१ पासून नियमित सफरी निघू लागल्या, जैन जेवण मिळते ही वार्ता पसरली, आणि सांगली-कोल्हापूरच्या अडत दुकानांतूनही चौकशा सुरू झाल्या. या स्तंभाच्या वाचकांपैकी काहींनी मला पत्राने विचारलेही आहे. त्यांना उत्तर म्हणून माझीच चूक सांगतो.

जहाजावरील खोल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार असतात. आतली खोली, जिला खिडकी नसते. खिडकीची खोली, जिची काच उघडत नाही. गच्चीची खोली, जिला दोन खुर्च्यांपुरता स्वतःचा सज्जा असतो. आणि त्याहून वरचे सूट. मुंबईहून चालणारे 'एम्प्रेस' हे जहाज मुळात १९९० सालचे आहे. त्या काळच्या बांधणीत गच्च्या थोड्याच असत. आतल्या व खिडकीच्या खोल्याच अधिक. नव्या मोठ्या जहाजांत हे प्रमाण उलटे झाले आहे. भाडे माणशी आकारतात आणि ते एका खोलीत दोघे राहणार असे धरून ठरवलेले असते. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी भिंतीतून वा छतातून खाली येणारे पलंग असतात व त्यांचे भाडे बहुधा कमी पडते. एकटा माणूस स्वतंत्र खोली मागेल, तर त्याला जवळपास दोघांचे भाडे मोजावे लागते.

एवढे वाचून मी वाटप केले. आण्णा व वहिनींना गच्चीची खोली, कारण ते थोरले. मला व पत्नीला खिडकी. माझ्या मुलाला व सुनेला खिडकी, कारण त्यांचे लग्न नवे. आण्णांचा मुलगा, सून व दोन लहान नातवंडे यांना चार पलंगांची आतली खोली. राहिली आई, माझ्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी. या तिघींना तीन पलंगांची आतली खोली दिली. आईचे वय ब्याऐंशी. तिच्याजवळ कोणीतरी हवे, आणि भावजय नेहमीच असते. शिवाय खोली काय, झोपण्यापुरतीच. हे वाक्य मी स्वतः उच्चारले होते, म्हणून जसेच्या तसे देतो.

आतली खोली तशी वाईट नसते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असेल, तर तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पुढच्या व मागच्या टोकाला जहाज वर-खाली होते, वरच्या मजल्यांवर ते अधिक झुलते. ज्याला बस लागते, त्याने वरच्या मजल्याच्या मोहात पडू नये. मुलांना तर तो काळोख म्हणजे गंमतच वाटली. पण दिवा मालवला की त्या खोलीत मध्यरात्र आणि सकाळ यांत काहीही भेद उरत नाही.

आमची आई सूर्योदयापूर्वी पाणीही घेत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. सांगलीच्या घरी तिच्या पलंगासमोर पूर्वेची खिडकी आहे; तेच तिचे घड्याळ. पहिल्या रात्री तिला जाग आली, पहाट झाली असे समजून ती सामायिकाला बसली. भावजयीने मोबाइल पाहिला, तर दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. पुन्हा साडेतीनला तेच. सूर्योदयाची वेळ मोबाइलवर सापडते, ती भावजयीने दाखवलीही. पण आईचे म्हणणे, दिसल्यावाचून कसे मानू? तेव्हा ती बिचारी पहाटे उठून लिफ्टने वरच्या डेकवर गेली, पूर्वेकडे पाहत उभी राहिली, आणि सूर्य वर आल्यावर खाली येऊन सासूला म्हणाली, "आई, आता पाणी घ्या." संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. त्याच वेळी आण्णांच्या गच्चीच्या खोलीत जाड पडदा ओढलेला होता, आणि आठपर्यंत कोणी उठले नव्हते. माझ्या खिडकीचाही पडदा ओढलेलाच होता, हे लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर पुतणी मला म्हणाली, "काका, आमची आई सूर्य पाहायला सात मजले चढते, आणि ज्यांच्या खोलीत तो फुकट येतो ते पडदा लावून झोपतात." ती हे हसून म्हणाली. मला मात्र हसता आले नाही. भावजयीने तिला डोळ्यांनीच गप्प केले.

आण्णांच्या कानावर हे गेले. त्यांनी कोणाला काही न विचारता आपली बॅग आवरली आणि शेवटच्या रात्रीसाठी आईला वर नेले. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. घरातल्या घरात खोल्या बदलल्या, तरी स्वागतकक्षात कळवावे. संकटकाळी कोणी कोठे जमायचे ती जागा खोलीनुसार नेमलेली असते, आणि आईचे नाव एका यादीत व आई दुसऱ्या मजल्यावर, असे होऊ नये.

तेव्हा खोली निवडताना पहिला प्रश्न कोण थोरला हा नसून कोणाचा दिवस सूर्यावर चालतो, हा असावा असे माझे मत झाले आहे. आईसारख्या व्यक्तीसाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची, खिडकीची खोली उत्तम. हेलकावे कमी आणि उजेड पुरेसा. लिफ्ट जवळ असावी, पण दाराला दार नको, कारण रात्रभर माणसे बोलत जातात. खोलीच्या बरोबर वर काय आहे, ते नकाशात पाहावे. वर जलतरण तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, नाचगाण्याचे सभागृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात; भाडे कमी असण्याचे कारण बहुधा तेच असते. कोणाला चाकाची खुर्ची लागत असेल, तर रुंद दाराच्या व न्हाणीघराला उंबरा नसलेल्या खोल्या असतात, परंतु मोजक्याच. त्या सर्वांत आधी मागाव्यात. 'खोली क्रमांक नंतर कळवू' या अटीवर स्वस्त भाडे मिळते. तरुणांनी ते खुशाल घ्यावे, वृद्धांसाठी घेऊ नये. आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला चाललेले असते. म्हणून डाव्या बाजूच्या खोलीला जाताना सूर्योदय दिसतो आणि परतताना सूर्यास्त.

महिनाही याच दृष्टीने ठरवावा. नोव्हेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि जहाजावरील रात्रीची जेवणे सामान्यतः त्यानंतर सुरू होतात. आम्ही आधी लेखी कळवले होते म्हणून आईचे ताट वेळेवर आले. मेमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. तासाभराची ती सवलत फार मोठी असते. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींना तर बाराही महिने सूर्यास्त सातच्या आसपास असतो, कारण तेथील घड्याळच पुढे लावलेले आहे. नॉर्वेच्या उत्तर टोकाला ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तेथे काय करावे हे ज्याने त्याने आपल्या महाराजांना विचारावे, माझा तो अधिकार नाही. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य हे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, आणि 'शाकाहारी' एवढ्यावर थांबू नये. खाकरे, लाडू असे कोरडे बांधलेले जिन्नस न्यावेत. इस्त्री आणि पाण्याची किटली मात्र बहुतेक जहाजांवर आगीच्या भयाने काढून घेतात.

येथे लेख संपला असता, तर माझी चूक खिडकीपुरतीच राहिली असती. परंतु परतल्यावर दुकानाची खतावणी पाहण्याचा योग आला. माझ्या घरच्या चौघांचे पैसे मी धनादेशाने दिले होते. उरलेला सारा खर्च दुकानाच्या खात्यातून गेला होता व तो दोन्ही भागीदारांच्या उचल खात्यांवर निम्मा-निम्मा टाकलेला होता. भागीदार दोघे: आण्णा, आणि धाकट्याच्या जागी त्याची पत्नी. आण्णांकडची माणसे सहा, त्यांत एक गच्ची. तिच्याकडची दोन, आतल्या खोलीत, सासूच्या सेवेसह. रक्कम मात्र सारखी. मुनीमजींचा दोष नव्हता. घरखर्च निम्मा टाकावयाची दुकानाची जुनी वहिवाट आहे. दोष माझा, कारण असल्या नोंदी शोधण्याचाच मला पस्तीस वर्षे पगार मिळत होता. मी तिला पाहुणी समजून खोली दिली, आणि ती आण्णांइतकीच रक्कम मोजत होती. तिला हे ठाऊक होते. ती बोलली नव्हती.

मी आण्णांपुढे वही ठेवली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुनीमजींना बोलावून नोंद फिरवून घेतली: ज्याची माणसे त्याच्या खात्यावर, खोलीच्या भाड्याप्रमाणे, आणि आईचे भाडे तिघांत.

एकत्र कुटुंबांना म्हणूनच सुचवितो की आरक्षणापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी, सुनांसह, बसावे व प्रत्येक खोलीपुढे भाडे आणि खाते दोन्ही लिहावे. जाहिरातीतील भाड्यावर बंदर शुल्क, कर आणि बक्षिसी यांची भर पडते, तीही धरावी. रद्द करण्याचे शुल्क तारीख जवळ येईल तसे वाढत जाते; तो तक्ता छापून ठेवावा. परदेशी सफरीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. एका भावाने सर्वांचे आरक्षण केले, की जमा त्याच्याच नावावर दिसते आणि मग घरात मौन पसरते. सहलीचा खर्च दुकानाच्या खर्चात दाखवण्याचा मोह काहींना होतो. तो खासगी खर्च आहे. उचल खात्यावरच शोभतो.

या मेमध्ये पुन्हा जाण्याचे ठरले आहे. यादी या खेपेस पुतणीने केली. मी फक्त बेरीज तपासली. मध्यावरची, डाव्या बाजूची खिडकीची खोली आईला आणि वहिनींना. आईजवळ या वेळी थोरल्या सुनेने राहावे, असे तिने लिहिले आणि वहिनींनी ते मान्य केले. आण्णा माझ्या मुलासोबत आतल्या खोलीत. भावजय आणि पुतणी गच्चीच्या खोलीत, आपल्या खात्यावर.

आईला मी जहाजाचा नकाशा दाखवला. तिने चष्मा लावून आपल्या खोलीची खिडकी पाहिली आणि विचारले, "ही उघडते ना रे?" उघडत नाही, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.