कंडिशनर घरचा, कसोटीही घरची



कोरड्या, कुरळ्या केसांसाठी घरच्या घरी कंडिशनर करण्याच्या अनेक कृती तुमच्या कानांवर येत असतील. कुणी केळे कुस्करून लावायला सांगतो, कुणी अंडे, कुणी दही, तर कुणी खाण्याचा सोडा. ‘यामुळे केसांना पोषण मिळते’ हे वाक्य बहुधा ठरलेलेच. माझे म्हणणे असे, की या कृतींना हसू नये आणि त्यांवर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. त्या तपासून पाहाव्यात. त्यासाठी शाळेत शिकलेले विज्ञान पुरेसे आहे.

प्रथम ‘पोषण’ या शब्दाकडे पाहू. डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा धागा होय. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. त्या मुळाला अन्न मिळते ते रक्तातून, म्हणजेच आपल्या जेवणातून. तेव्हा केळे केसांना चोपडण्यापेक्षा खाल्लेले बरे!

मग कंडिशनर करतो काय? मुख्यतः घर्षण कमी करतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांच्या कडा शेंड्याकडे वळलेल्या असतात. एक लांब केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून शेंड्याकडे सरकवा, मग उलट दिशेने सरकवा. उलट जाताना केस खरखरीत लागेल. टाळूवरचे नैसर्गिक तेल कुरळ्या केसाच्या वळणांतून शेंड्यापर्यंत सहज उतरत नाही. म्हणून शेंडे कोरडे राहतात, गुंता होतो आणि फणीने ओढताना केस तुटतात. यात कुणाचा दोष नाही. कुरळ्या केसांवरून वर्गात चिडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता एक स्वस्त कृती. चटणीसाठी आणलेले जवस २ मोठे चमचे घ्या. ते २ कप पाण्यात मंद आचेवर ढवळत सुमारे १० मिनिटे उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे बुळबुळीत झाले, की मोठ्यांच्या मदतीने गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. जवसाच्या सालीतील चिकट द्रव्याचा पातळ थर केसांवर बसतो. हे मिश्रण लवकर नासते. ते फ्रिजमध्ये ठेवा व काही दिवसांतच संपवा. आधी थोडे कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहा. घरगुती म्हणजे निर्धोक, असे नव्हे. सोड्याचे पाणी अल्कधर्मी असते. त्याने केस फुगतो, खवले उचलले जातात आणि घर्षण उलट वाढते.

जवसाचा उपयोग खरोखर होतो का? न्हाल्यावर डोक्याच्या डाव्या बाजूस हे मिश्रण लावा, उजवीकडे नुसते पाणी. कोणत्या बाजूस काय लावले हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून केस विंचरून घ्या. दोन्ही बाजूंचे फणीत आलेले केस वेगळे ठेवा. टोकाला पांढरी गाठ असलेले केस मुळापासून गळलेले असतात. गाठ नसलेले तेवढे तुटलेले म्हणून मोजा. पुढच्या वेळी बाजू बदला. असे निदान सहा वेळा करून तक्ता मांडा.

आजीच्या खोबरेल तेलाचीही अशी परीक्षा झालेली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे विसरू नये. परंतु पद्धत व आकडे छापलेले असल्याने कुणालाही तो प्रयोग पुन्हा करून पाहता येतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की घर्षणाचा धडा शिकवताना लाकडी ठोकळ्याशेजारी एक फणीही ठेवावी. आणि मित्रहो, दोन्ही बाजूंत काहीच फरक आढळला नाही, तर तेही वहीत तसेच्या तसे लिहा.