आम्ही हरलोच नाही!

५ नोव्हेंबर २०२५ची सकाळ. त्रिपुरारी पौर्णिमा, त्यात गुरुनानक जयंतीची सुट्टी. मस्त लोळायचा प्लॅन होता. आणि साडेसहाच्या सुमारास उशीखाली फोन थरथरायला लागला, तो थांबेचना! आमच्या फॅमिली ग्रुपवर या वेळी एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं पडतात. त्या दिवशी व्हर्जिनिया पडलं होतं.

आधी पात्रपरिचय. काका राहतात एडिसनला. तेच ते न्यू जर्सीतलं, जिथे गवार आणि शेपूसुद्धा मिळते. काकांनी २०२४ला ट्रम्पना मत दिलं आणि ते कुणापासून लपवलं नाही. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, राहते न्यूयॉर्कात, क्वीन्सला. ही बया महिनाभर रविवारी सकाळी उठून जोहरान ममदानीसाठी दारोदार फिरत होती. दोघांमध्ये काकू. काकूंचा पक्ष एकच, ‘जेवताना भांडू नका’.

आता थोडं जनरल नॉलेज. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी, संसदेची दर दोन वर्षांनी, आणि दोन्ही सम वर्षांत. विषम वर्षं म्हणजे ‘ऑफ-इयर’. तरी अध्यक्ष निवडून आला की पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी आपापले गव्हर्नर निवडतात. म्हणजे नव्या नवरीच्या पहिल्या स्वयंपाकासारखं. सगळे ताटाकडे बघत बसलेले, मीठ कमी की जास्त!

२०२५ला मीठ भलतंच जास्त झालं. व्हर्जिनियात डेमोक्रॅट अबिगेल स्पॅनबर्गर साधारण १५ टक्क्यांच्या फरकाने आल्या. न्यू जर्सीत मिकी शेरिल तेराहून जास्त टक्क्यांनी. न्यूयॉर्कला ३४ वर्षांचा ममदानी महापौर. त्याने विजयाच्या भाषणात नेहरूंची आठवण काढली आणि शेवटी ‘धूम मचाले’ वाजलं, तेव्हा ग्रुपवरच्या दोन आत्या पक्षबिक्ष विसरून एकदम खूश! व्हर्जिनियाच्या नव्या लेफ्टनंट गव्हर्नर गझाला हाश्मी मूळच्या हैदराबादच्या निघाल्यावर तर बघायलाच नको.

पण खरी मजा निकालात नसते हो, निकालानंतर असते. ट्रम्पसाहेबांनी त्याच रात्री जाहीर केलं की पराभवाची कारणं दोन, एक म्हणजे मतपत्रिकेवर आपलं नाव नव्हतं आणि दुसरं शटडाऊन. उपाध्यक्ष व्हान्स यांचं म्हणणं, डेमोक्रॅट राज्यांतल्या दोन-चार निकालांवर एवढं काय उड्या मारायच्या? रिपब्लिकनांपैकी विवेक रामस्वामी मात्र सरळ म्हणाले, आपण सडकून मार खाल्ला, आता महागाईचं बोला. तेवढा एक माणूस मला त्या रात्री नॉर्मल वाटला.

जिंकलेल्यांचीही गंमत कमी नव्हती. स्पॅनबर्गर पूर्वी सीआयएमध्ये, शेरिल नौदलात हेलिकॉप्टर पायलट, दोघी मध्यममार्गी. ममदानी उघड समाजवादी. त्यामुळे पक्षातला प्रत्येक गट म्हणतोय, बघा, आमचाच फॉर्म्युला हिट! सिनेटमधले त्यांचे नेते चक शूमर तर स्वतः न्यूयॉर्कचे, पण ममदानीला मत दिलं का, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलंच नाही. आणि गुलाल धुऊन निघायच्या आत, पाचव्या दिवशी, डेमोक्रॅटांच्या गोटातले आठ सिनेटर फुटले आणि शटडाऊन संपवायच्या बाजूने गेले. जिंकूनही भांडणारा पक्ष! आपल्याला सवय आहे म्हणा.

तर ग्रुपवर काकांचा मेसेज आला, ‘ऑफ-इयर आहे, मतदान कमी होतं. जर्सी ब्लूच होती, ब्लूच राहणार. काही अर्थ नाही त्याला.’ ताईचं उत्तर, ‘बाबा, लोकांनी मेसेज दिलाय. ऐकायचा की नाही तुझं तू ठरव.’

हे कुठेतरी वाचलंय, असं सारखं वाटत होतं. मास कॉमला एक सर सांगायचे, आधी फाइल काढा, मग मत द्या. मी ग्रुप स्क्रोल करत करत थेट २०२१च्या नोव्हेंबरपर्यंत गेले. अंगठा दुखला, पण खजिना सापडला! त्या वर्षी बायडेन अध्यक्ष. त्यांनी आदल्या वर्षी दहा टक्क्यांनी जिंकलेलं व्हर्जिनिया रिपब्लिकन ग्लेन यंगकिनने घेतलं. न्यू जर्सीत डेमोक्रॅट गव्हर्नर जेमतेम तीन टक्क्यांनी वाचले. तेव्हा काका काय म्हणाले होते? ‘लोकांनी मेसेज दिलाय!’ आणि ताई? ‘ऑफ-इयर आहे बाबा, काही अर्थ नसतो त्याला.’

शब्दाला शब्द! फक्त बोलणारं तोंड बदललेलं.

बरं, अर्थ असतो की नसतो? १९७७ ते २०२५ व्हर्जिनियात गव्हर्नरच्या १३ निवडणुका झाल्या. त्यातल्या १२ वेळा व्हाइट हाऊस ज्या पक्षाकडे, तो पक्ष तिथे हरला. अपवाद फक्त २०१३. म्हणजे काका म्हणतात तसं हे जवळजवळ ऋतुमानानुसारच. पण २०२४ला न्यू जर्सीत ट्रम्प सहाच्या आसपास टक्क्यांनीच मागे होते, त्यांचा पक्ष वर्षभरात तेरांवर गेला. ते काही ऋतुमान नव्हे. २००९मध्ये ओबामांच्या पक्षाने दोन्ही राज्यं गमावली. मग न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यातली संसदेची पोटनिवडणूक दाखवून ‘आम्हीच जिंकलो’ म्हणत बसले. रिपब्लिकनांच्या आपसातल्या भांडणामुळे ती जागा त्यांना मिळाली होती. पुढच्याच वर्षी प्रतिनिधिगृहात ६३ जागा गेल्या. उलट २०२१नंतर सगळे ‘आता लाट येणार’ म्हणत होते, आणि २०२२ला रिपब्लिकनांना कसंबसं २२२-२१३ असं काठावरचं बहुमत मिळालं. मेसेज असतो, पण कुठला ते पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं. आणि तेवढा वेळ कुणाला असतो?

काकांनाही नव्हता. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर्स फी लागली, तेव्हा ते आठवडाभर ग्रुपवर गप्प होते. त्यांच्या मेहुण्याच्या मुलाची ऑफर त्यात अडकली होती. त्यावर त्यांनी एक ओळ लिहिली असती, तर ताईने बहुतेक भांडण तिथेच सोडलं असतं. पण नाही लिहिली.

आणि मी काय केलं? शहाणपणा! २०२१ आणि २०२५चे मेसेज शेजारी शेजारी लावून स्क्रीनशॉट टाकला, खाली हसणारा चेहरा. मला वाटलं दोघं हसतील. दहा मिनिटांत ताई ग्रुप सोडून गेली. काकांनी मला लिहिलं, ‘तू तरी न्यूट्रल राहायचंस.’ अहो काका, न्यूट्रलच होते ना! त्यानंतर बापलेकीचा फोन बंद. थँक्सगिव्हिंगला ताई येणार नाही, असं काकूंकडून कळलं. तेव्हा ती स्माइली फार टोचली मला.

मग २१ नोव्हेंबरला ममदानी व्हाइट हाऊसला गेला. ज्याला ट्रम्प निवडणुकीत कम्युनिस्ट म्हणत होते, त्याच्या शेजारी बसून ते हसत होते, छान भेट झाली म्हणून कौतुक करत होते. काकांना काय बोलावं सुचेना. ताईलाही.

रात्री काकूंचा फोन. “बघितलंस? ते दोघं गप्पा मारतायत ओव्हल ऑफिसात, आणि आमच्याकडे दोन आठवडे अबोला! यांना कसली धाड भरलीये गं?”

“मग ताई येतेय का?”

“येतेय. स्टेशनवर घ्यायला हेच जाणारेत. मी पुरण घालणार आहे, आणि टीव्हीचा रिमोट माझ्या पर्समध्ये.”